डबा खाली आहे

आधीच सांगतो, असले अनुभव वाचून मी हसणाऱ्यांतला आहे. आमच्या घरात भूत फक्त पोरांना जेवू घालताना यायचं, ताट संपलं की जायचं. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण न लिहिता सात महिने काढले, आता पोटात राहत नाही.

इंदूरला सांवेर रोडवर एक मोठं वर्कशॉप आहे. नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी करतोय. मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, म्हणजे गिऱ्हाइकाचं ऐकून घेणारा, जॉब कार्ड भरणारा आणि शिव्या खाणारा. माझा मोठा भाऊ, दादा, तिथेच टेक्निशियन होता. ऑटोमॅटिक गाड्या त्याच्याकडे, आणि त्यातही सीव्हीटी फक्त त्याच्याकडे. ह्या सीव्हीटीत नेहमीसारखे गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांवर एक पोलादी पट्टा. तो पट्टा पकड धरतो ती त्याच्या खास ऑइलमुळे. दुसऱ्या कुठल्या ऑटोमॅटिकचं ऑइल घातलं की पट्टा घसरायला लागतो आणि गिअरबॉक्सचा निकाल लागतो.

हे ऑइल लाइफटाइम चालतं असं गिऱ्हाईक कुठूनतरी ऐकून यायचं. दादा त्याला विचारायचा, "लाइफटाइम किसका जी? गाड़ी का, या वारंटी का?"

दादा डावखुरा. चष्म्याला काळी दोरी. बोल्ट कसून झाला की त्यावर पिवळ्या मार्करने एक रेघ ओढायचा, म्हणजे बोल्ट हलला तर कळतं. तशी रेघ सगळेच ओढतात, पण दादा रेघेखाली एक टिंब द्यायचा. ती त्याची सही. दिवसभर सगळ्यांशी हिंदी, पण माझ्याशी फक्त मराठी, तीही स्वच्छ. "घरचं माणूस समोर असताना परकी भाषा कशाला?" म्हणायचा. माझी मराठी म्हणजे निम्मी हिंदी, त्यावरून रोज बोलणी खायचो. वहिनी रोज दोन डबे द्यायच्या, एक त्याचा, एक माझा.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. बुधवार होता. बुधवारी दादा आधी खजरान्याला गणपतीला जाऊन मग कामावर यायचा. सिमरोलला शिकवणारे एक सर सकाळीच येऊन उभे, त्यांना लेक्चरला पोचायचं होतं. त्यांच्या गाडीचं जुनं ऑइल दादाने आदल्या संध्याकाळी काढून ठेवलं होतं, फक्त नवं भरायचं बाकी. मी पूर्वी टेक्निशियनच होतो, म्हटलं आपणच भरू. दादाला फोन लावला.

"दादा, सीव्हीटीचा डबा?"

मागे देवळातल्या घंटा. दादा म्हणाला, "डबा खाली आहे," आणि फोन कट.

खाली म्हणजे खालच्या फळीवर. मराठी माणसाला ह्यात न समजण्यासारखं काय आहे? पण आमच्या इंदूरच्या कानाला खाली म्हणजे रिकामा. मला वाटलं, डबा संपला. मी वाकून बघितलंसुद्धा नाही. वरच्या फळीवरचा साध्या ऑटोमॅटिकचा डबा उचलला आणि ओतला. दोन्ही ऑटोमॅटिकच की, असा विचार केला. लाज वाटते लिहायला.

दादा आल्यावर त्याने विचारलं, "घातलंस ना नीट?" मी "हो" म्हटलं. त्याने सख्ख्या भावावर विश्वास ठेवून रेघ ओढली, टिंब दिलं, कार्डावर सही केली.

गाडी दोन आठवड्यांत सिमरोलच्या चढावर बंद पडली आणि मागे घसरली. सरांच्या बायकोचा हात मोडला. चुकीचं ऑइल निघालं. मॅनेजरने आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. "किसने डाला?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी जॉब कार्डकडे बघत राहिलो.

"साइन मेरा है," दादा म्हणाला.

एकतीस वर्षांची नोकरी त्या तीन शब्दांत गेली. मला त्याच दिवाळीत प्रमोशन मिळालं. मी मिठाई वाटली, हो, वाटली. त्या दिवसापासून वहिनींचा डबा बंद झाला. दादा मला एका शब्दाने बोलला नाही, पण घरी बोलावलंही नाही. दोन वर्षांनी तो गेला. तेराव्याला मी मांडवाच्या कडेला उभा होतो, पाहुण्यासारखा.

त्या फोनबद्दल मी कुणाला, अगदी बायकोलाही, कधी सांगितलं नाही.

आता सात महिन्यांपूर्वीचं. बुधवारच, दुपारी बारा. दादाच्या बेमध्ये, म्हणजे तो गाड्या घ्यायचा त्या लिफ्टच्या जागेवर, आता रामेश्वर काम करतो. देवासचा, मराठीचा गंध नाही, आमच्याकडे लागून वर्षही झालं नव्हतं. दादाला त्याने पाहिलेलं नाही. वर्कशॉपात दादाचा फोटोही नाही... काढून टाकलेल्या माणसाचा फोटो कोण लावतो? रामेश्वर एका सीव्हीटीचं ऑइल बदलत होता. हात पुसत तो माझ्या टेबलापाशी आला.

"सर, सीव्हीटी का डब्बा सच में खाली है क्या? रैक में तो भरा दिख रहा है."

"किसने बोला खाली है?"

"वो दादा आए थे न अभी. चश्मे में काली डोरी वाले. बोले, 'डबा खाली आहे'. मैं ऊपर वाला उठाने लगा था, फिर सोचा सर से पूछ लूँ."

त्याने ते तीन शब्द जसेच्या तसे, मराठीत म्हणून दाखवले. पण त्या शब्दांहून जास्त झोंबलं ते हे, की ह्या पोराने शंका आली तर विचारलं. मी विचारलं नव्हतं.

मी धावत बेमध्ये गेलो. गाडी लिफ्टवर होती. रामेश्वरने खालचा बोल्ट कसून ठेवला होता, रेघ ओढायची बाकी होती. आम्ही आता पांढरा मार्कर वापरतो. बोल्टवर पिवळी रेघ होती, खाली टिंब. मी बोट लावलं. ओलं होतं.

सीसीटीव्ही बघितला. फुटेजमध्ये रामेश्वर एकटाच आहे. मान वर करून कुणाचंतरी ऐकतोय, "जी, जी" म्हणतोय, मग रॅककडे जातोय. समोर कुणी नाही. त्याला दाखवलं तर तो म्हणाला, "सर, कैमरा खराब होगा." त्याने विषय सोडून दिला. त्याला सोडता येतो.

त्या रविवारी मी राजेंद्रनगरला वहिनींकडे गेलो. पाच वर्षांनी सगळं बोललो. ऑइल मी घातलं, फोनवर मी चुकीचं समजलो, केबिनमध्ये मी गप्प बसलो. रामेश्वरचंही सांगितलं. मला वाटलं त्या रडतील, मला हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

वहिनी भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला माहीत आहे, भाऊजी. ह्यांनी त्याच रात्री सांगितलं होतं."

"काय म्हणाला दादा?"

"म्हणाले, चूक माझीच. मी त्याच्याशी मराठीत बोललो."

रामेश्वरशी कोण बोललं, मला आजही माहीत नाही. दादाने वहिनींना सांगितलं होतं, म्हणजे आणखी कुणाला सांगितलं असेल, तिथून फिरत फिरत ते रामेश्वरपर्यंत आलं असेल, असं मी मनाला समजावतो. मग बोटाला लागलेला पिवळा रंग आठवतो आणि समजावणं संपतं. दादा मला माफ करायला आला होता की माझी चूक दुसऱ्याकडून करवून मला दाखवायला, तेही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मला सांगू नका.

मी निघालो. चपला घालत होतो, तेव्हा वहिनींनी आतून हाक मारली.

"भाऊजी, तुमचा डबा राहिलाय इथेच, तेव्हापासूनचा. घेऊन जा. ओट्याखालच्या कपाटात, खाली आहे."

मी परत आत गेलो, ह्या वेळी वाकून बघितलं. स्टीलचा, घासून पुसून ठेवलेला, झाकणावर दादाने कोरून दिलेलं माझं नाव. काय वाटलं कुणास ठाऊक, मी झाकण उघडलं.

खालीच होता.