कामरेजकडे गेलेली मोपेड

अख्ख्या सुरतेत माझ्यासारखी तेज नजर दुसऱ्या कोणाची नव्हती. चष्मा घरी राहिला, की बायकोलासुद्धा आवाजावरून ओळखायचो, ती गोष्ट वेगळी. पण एक केस मात्र चष्म्याशिवायही अजून स्पष्ट दिसते.

नोकरीची शेवटची वर्षं. गुडघे गेले म्हणून मला ट्रॅफिकच्या कंट्रोल रूममध्ये बसवलं. तेव्हाच शहरातले कॅमेरे बदलले. जुन्यात म्हैस आणि रिक्षा सारखीच दिसायची. नव्यात शर्टाचं बटण दिसू लागलं. चित्र कोणाला दाखवायचं, कोणाला नाही, याचे नियम मात्र वर अजून बनत होते. तोवर नियम म्हणजे मीच. यावरून काय ते समजा.

एक दिवस दुपारी पांडेसऱ्याच्या मिलमधला एक माणूस आला. डोळे लाल. म्हणाला, "दादा, मनी बायको हराई गयी. सकाळपासून मोपेड घेऊन गेलीय."

अहिराणी कानावर पडली आणि मी विरघळलो. आपल्या खान्देशचा माणूस! खुर्ची दिली, चहा दिला, थेट स्क्रीनसमोर बसवलं. बाजूच्या टेबलावरची कॉन्स्टेबल मुलगी म्हणाली, "काका, पहिले पोलीस स्टेशनला अरजी करू द्या ना."

"अगं, आपला माणूस आहे," मी म्हटलं आणि एका बोटाने मोपेडचा नंबर टाकला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चित्रं आली. पहिलं उधन्याचं, मग पुढची, शेवटचं कामरेजच्या रस्त्याचं. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "कामरेज!"

तो ताडकन उठला. चहा अर्धा तसाच.

तेवढ्यात त्या मुलीने चित्र मोठं केलं. मोपेडवर पुढे एक लहान पोरगी उभी होती, आरशाला धरून.

"काका, आ छोकरी कोण छे?"

मी त्याच्याकडे पाहिलं. साडीचा रंग, मोपेडला पडलेला पोचा, सगळं त्याने न विचारता सांगितलं होतं. पोरीचा शब्द नाही. इतक्या वर्षांत बेपत्ता माणसांचे किती नातेवाईक पाहिले. पोर सोबत गेलं असेल, तर आधी पोराचं नाव घेऊन रडतात.

"बस खाली," मी म्हटलं. "पोरगी कोणाची?"

"मनीच शे."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो दाराकडे बघू लागला.

"कामरेजला कोण राहतं?"

"तिचा भाऊ."

"मग हरवली कशी? भावाकडेच गेली ना?"

त्याचा आवाज चढला. "न विचारता गेली! काल रात्रीच तिचा पाय मोडला असता, तर ही वेळ आली नसती."

खोलीतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पत्ता ओरडून सांगणारा मीच होतो. त्याला तिथंच थांबवून ठेवलं. त्या मुलीने कामरेज पोलिसांना फोन लावला आणि महिला पोलीस भावाच्या घरी पोचल्या. बाईने फिर्याद दिली, मेडिकल झालं, नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला.

पुढे नियम बनताना साहेबांनी मलाही बोलावलं. हुशार म्हणून नाही, काय करू नये ते मला चांगलं माहीत म्हणून. मी एवढंच म्हटलं, "साहेब, शोधणाऱ्याला सांगायच्या आधी, जो सापडला त्याला विचारा." त्यांनी ते असल्या भारी भाषेत लिहिलं, की माझीच गोष्ट मला दोनदा वाचून घ्यावी लागली. माणूस कुठं चाललाय ते कॅमेरा दाखवतो. का चाललाय, ते त्यालाच विचारावं लागतं. मी विचारलं होतं, पण भलत्यालाच.

नंतर ती बाई भावासोबत जबाबावर सही करायला आली. डोळ्याखाली अजून काळं होतं, पोरगी पदराला धरून. मला राहवतं कुठं? छाती फुगवून म्हटलं, "ताई, एवढ्या मोठ्या शहरात आमच्या कॅमेऱ्याने तुम्हाला बरोबर शोधून काढलं!"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मी हरवली नव्हती, दादा. मी निघून आली होती."