उजवी दांडी

तुळजापुरातल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून लीलाताईंनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर, लोकांच्या मते, त्यांचं डोकं फिरलं. इतर बायका भजनाला जात. या मात्र रिमोटवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या मोटारी दुरुस्त करत बसत. सोलापूरच्या जुन्या बाजारातून मोडकी मोटार आणायची, खोलायची आणि पुन्हा पळवायची. खंडेनवमीला त्यांच्या पाटावर चिमटा, सोल्डरिंग गन, मल्टीमीटर आणि चक्क एक टूथब्रश मांडलेला असे. हसायचं त्यानं खुशाल हसावं. गिअरच्या दातांतली माती टूथब्रशशिवाय निघत नाही.

या वेडाचं मूळ अणदूरला, माहेरी होतं. धाकटा भाऊ बलभीम लहान असताना काकांनी कुवेतहून त्याच्यासाठी लाल जपानी मोटार आणली होती. रिमोट त्याचा. अक्कानं फक्त उलटलेली मोटार पळत जाऊन सरळ करायची. पोरीला यंत्र कशाला, असं घरच्यांचं मत होतं आणि बलभीमला ते सोयीचंच होतं. पुढं मोटार बंद पडून माळ्यावर गेली, तरी त्यानं ती अक्काला दिली नाही. लीलाताईंना याचा राग होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

गेल्या वर्षी बलभीमला अर्धांग झालं. उजवा हात गेला. काठी घेऊन चालता येईल, असं डॉक्टर सांगत होते, पण गडी खाट सोडायला तयार नव्हता. त्याची बायको कमलबाई फोनवर रडली.

"वन्सं, दारातबी येत न्हाईत. तुमीच काय तरी करा."

"माळ्यावरची मोटार पाठवून दे," लीलाताई म्हणाल्या.

मोटार आली. सेल गळून पत्र्यांवर हिरवा थर चढला होता. तो व्हिनेगरनं काढला. जपानी स्क्रूची फुली आपल्या फुलीसारखीच दिसते, पण नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर जोरात फिरवला की डोकं झिजतं आणि स्क्रू तिथंच अडकून बसतो. पहिल्याच मोटारीचे चार स्क्रू असे घालवून लीलाताईंनी त्यासाठी खास स्क्रू ड्रायव्हर मागवला होता. त्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. निघालेले स्क्रू चुंबकावर ठेवले, तुटलेली वायर सोल्डरनं जोडली, दगडासारखे झालेले टायर बदलले. लाल रंगावरचे ओरखडे मात्र तसेच राहू दिले. अंगणात चालवून पाहिली, तर अशी पळाली की शेजारचं कुत्रं घाबरलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत मोटार घेऊन त्या अणदूरला गेल्या. बलभीम उठेना, तेव्हा दोघी नणंद-भावजयांनी त्याच्यासकट खाट दारापाशी ओढली. लीलाताईंनी मोटार अंगणात ठेवली, रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला आणि तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. रिमोटला दोन दांड्या. डावी वेगाची, उजवी वळवायची. तारन्‌तार तपासली होती आणि ज्याच्यासाठी केलं, त्याचा हातच विसरल्या होत्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बलभीमनं डाव्या हातानं रिमोट त्यांच्याकडं सरकवला.

"अक्का," तो म्हणाला, "उजवी दांडी तू धर."

लीलाताई खाटेवर टेकल्या. दुरुस्तीच्या वेळी त्यांनी हा रिमोट हाताळला होताच, पण त्यानं आपण होऊन दिला तो आज. त्यांना फार बरं वाटलं.

बलभीमनं पूर्वीसारखाच एकदम पूर्ण जोर दिला. अक्का वळवेपर्यंत मोटार पाण्याच्या हौदावर आदळून उलटी झाली आणि चाकं वर करून फिरत राहिली.

लीलाताई सवयीनं उठायला लागल्या.

"बस तू," बलभीम म्हणाला. "उलटवली म्या. तू कशाला जातीस?"

मग त्यानं कमलबाईकडं बघून डावा हात पुढं केला.

"काठी आण."