सातव्या पावलाची हाक

रायपुरात ‘फायनल’ हा इंग्रजी शब्द बोलणं सुरू करायला वापरतात.

मिस्त्री ‘कल फायनल’ म्हणाला की आठवडाभर दिसत नाही. माझा भाऊ दर दिवाळीला ‘आता फायनल सोडली’ म्हणून तंबाखू थुंकतो (पुढची पुडी खिशात तयार!). आणि पंडरीच्या कापड बाजारात व्यापारी ‘दीदी, फायनल रेट’ म्हणाला, की मी पिशवी खाली ठेवून मांडी घालून बसते. बीरगांवात दारोदार साड्यांचा गठ्ठा फिरवून मी दुकान उभं केलंय. हा शब्द मला कोणी शिकवू नये! तिसऱ्यांदा ‘फायनल’ ऐकलं की उठायचं, तोंड वाकडं करायचं आणि हळूहळू चालू पडायचं. सातव्या पावलाला हाक येतेच: “अरे दीदी, आओ तो!”

गेल्या उन्हाळ्यात माझ्या लेकीच्या, पिंकीच्या लग्नाची बैठक रायपूरच्या तात्यापाऱ्यात, आमच्याच घरी होती. पोट्टा-पोट्टी राजी. अडलं होतं एवढंच, की लग्न कुठे? मला रायपूरच हवं होतं. ज्या बायकांनी मला ‘गठ्ठेवाली’ म्हणून दाराबाहेर उभं केलं, त्यांना पंगतीत बसवून माझ्या हातानं वाढायचं होतं! पण मुलाचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, सिग्नल न मिळालेल्या गाडीसारखे अडून बसले.

“ताई, लग्न दुर्गलाच. फायनल.”

“भाऊ, रायपूर.”

“दुर्ग. फायनल म्हणजे फायनल!”

झालं, तीन मोजले. मी उठले, तोंड वाकडं केलं, चपला घातल्या आणि निघाले. आपण स्वतःच्याच घरातून निघालो आहोत, हे लक्षात आलं तेव्हा मी अर्धा जिना उतरले होते!

पाच... सहा... सात. हाक नाही. म्हटलं, पाहुणे दुर्गचे, हाक पोचायला वेळ लागत असेल. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथे शेजारची भाभी भेटली.

“दीदी, मेहमान ऊपर और आप नीचे?”

“हवा खा रही हूँ!” मी खेकसले. (दुपारचे दोन, मे महिना.)

“इतनी लू में?”

“मेरी मर्ज़ी!”

अर्धा तास झाला. एक व्यापारी गेला तर शेजारी दुसरा असतो. पण वर पोरीचं लग्न होतं, आणि ते मी बहुतेक मोडून आले होते. धावतच जिना चढले. दार उघडलं, तर सगळे पेढे खात होते!

“काहून दात काढून राहिले?” मी नवऱ्याला विचारलं.

“अवं, ठरलं! रायपूर!”

माझी छाती फुगली. “पाहा! उठून गेलं की माणूस वाकतोच! पण मंग मले हाक काहून नाही मारली?”

नवरा पेढ्याकडे पाहू लागला. पिंकीला खरं बोलायची वाईट खोड आहे.

“मम्मी, आप निकलीं और अंकल बोले, रायपुर ही सही, पर दीदी के लौटने से पहले फायनल कर लो।”

“आणि तुझे पप्पा काय बोलले?”

“पापा ने उठकर दरवाज़ा बंद कर दिया।”

आयुष्यातली सगळ्यात मोठी बाजी मी जिंकले, तेव्हा मी रस्त्यावर भाभीशी भांडत होते.