साहेबांचा शुभसंदेश

लेखनाच्या कामात लेखन फार थोडं असतं, हे मला नोकरी गेल्यावर कळलं. पुण्यातलं आमचं दैनिक बंद पडलं आणि मी बायकोमुलांसह गावी आलो. गाव पेठच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत. इथे येऊन मी स्वतंत्र लेखक झालो. स्वतंत्र म्हणजे कुणीही केव्हाही फोन करावा, काहीही सांगावं, आणि वर विचारावं की तुम्हाला घरी बसून दुसरं काम तरी काय असतं.

आधी मी कामं इंटरनेटवर शोधली. तिथे काम मागण्यापूर्वी आपण किती गुणी, कष्टाळू आणि वेळ पाळणारे आहोत हे स्वतःच लिहायचं असतं. तेवढं खोटं लिहिता आलं की आपण लेखक ठरतो. मग नमुन्याचा लेख फुकट द्यायचा. गाद्या विकणाऱ्या एका कंपनीला मी शांत झोपेवर नमुन्याचा लेख दिला. तो आवडल्याचं त्यांनी कळवलं, आपल्या संकेतस्थळावर लावला, आणि नंतर माझा फोन उचलणं बंद केलं. शांत झोप लागली असावी. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते, त्यामुळे या कंपनीबरोबरच्या माझ्या सगळ्या मीटिंगा टाकीच्या कठड्यावर झाल्या. नळाला पाणी सोडणारा माणूस मधेच येऊन पाय वर घ्यायला सांगायचा.

शेवटी तो नाद सोडला आणि मंचर-नारायणगावच्या फ्लेक्सवाल्यांकडे माझा नंबर देऊन आलो. इकडे कामाला तोटा नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेची निमंत्रणं, नवीन गाळ्याची उद्घाटनं. लग्नपत्रिका तर बारा महिने. वर गणपती असलेली पत्रिका असो, की आमच्या घरात असते तशी वर बुद्ध असलेली, मजकूर चार ओळींचा आणि नावं शंभर. चार ओळी मी दहा मिनिटांत लिहितो. उरलेला आठवडा कोणता चुलता कोणत्या चुलत्याच्या वर, यात जातो. एका पत्रिकेत एक मामा दुसऱ्या मामाच्या खाली गेले, तर मला त्यांच्या भावकीच्या बैठकीला बोलावून घेतलं. दोन तास बसलो. चहा मात्र चांगला होता.

पिंपरी पेंढारला एकांनी शेतात चार खोल्या बांधून कृषी पर्यटन सुरू केलं होतं. त्यांना माहितीपत्रक हवं होतं. बिबट्या दिसेल असं लिहा म्हणाले. खरंच दिसला तर, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘तवा लोकं खोलीच्या भाईर येनारच न्हाईत, काळजी कशाला करता.’ मजकूर तासाभरात झाला. मग फोटोत दाखवायला पर्यटक नव्हते म्हणून मलाच टोपी घालून हुरडा खात बसवलं, नंतर बैलगाडीत बसवलं, आणि माझ्या शेजारी पुण्याची पाहुणी म्हणून त्यांची वहिनी. पत्रक छापून आलं तेव्हा लेखक म्हणून माझं नाव त्यात कुठेच नव्हतं, पण मी चार ठिकाणी होतो.

हे सगळं चालू असताना आमच्या वडलांचं, म्हणजे दादांचं, माझ्या धंद्याबद्दल एकच मत होतं. त्यांच्या लेखी मी बसून होतो. कुणी विचारलं, पोरगा काय करतो, तर ते सांगायचे की हाय घरीच. गावच्या हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं शिपाई म्हणून काढली होती. घंटा वेळेवर देणं, कुलपं वेळेवर उघडणं, याला ते काम म्हणत. मोबाईलकडे बघत बसणं यात त्यांना काम दिसायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं दिसत नव्हतं.

आणि त्याच हायस्कुलाची पन्नास वर्षं भरली. समिती बसली, स्मरणिका काढायचं ठरलं, आणि शब्दांकनाचं काम माझ्याकडे आलं. दादा पहिल्यांदाच माझ्या कामाची चौकशी करत माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

‘शिपायांचं बी येतंय का त्यात?’

येतंय, मी म्हणालो. शेवटचं पान पूर्ण शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं आहे. शिपाई, कारकून, प्रयोगशाळेतले परिचर, सगळ्यांची नावं आणि फोटो. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून एसटीने मंचरला गेले आणि फोटो काढून आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापक रजेवर होते, त्यामुळे निरोप राहिला तो राहिलाच. याबद्दल ते कधी बोलले नव्हते. पण त्या महिन्यात रोज संध्याकाळी, पुस्तक कुठवर आलं, हे त्यांनी मला विचारलं.

पुस्तक कुठवर आलं हे मला कुठे माहीत होतं. मी जाहिराती गोळा करत फिरत होतो. एका माजी मुख्याध्यापकांचा तरुणपणीचा फोटो हवा होता, तो महाळुंगे पडवळच्या त्यांच्या पुतण्याकडे निघाला. पुतण्या फोटो द्यायला तयार, पण भिंतीवरून काढायला तयार नाही. मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला, त्यात ट्यूबलाइटही आली. समितीत एकतीस माणसं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलं नाव पहिल्या ओळीत असावं. त्यांना गोल मांडावं असं मी सुचवून पाहिलं. कुणी हसलं नाही.

सगळ्यात मोठं काम शुभसंदेशांचं. वाचकांना वाटतं, मोठी माणसं संदेश देतात. मोठी माणसं लेटरहेड देतात. त्यांचे स्वीय सहायक फोनवर सांगतात, तुम्हीच छान लिहून पाठवा, साहेब सही करतील. तेव्हा शाळेविषयी अकरा जणांना जे काय वाटलं ते मला वाटलं. एकदा शैक्षणिक वाटलं, एकदा सहकारी, एकदा महिला सक्षमीकरणाच्या बाजूने वाटलं. एकाचं वाटलेलं दुसऱ्यासारखं होऊ नये म्हणून मी वहीत तक्ता करून ठेवला होता.

छपाईला दोन दिवस राहिले असताना बारावा संदेश उपटला. समितीच्या अध्यक्षांचा फोन आला की मोठे साहेब कार्यक्रमाला यायला तयार झालेत, त्यांचा संदेश पाहिजे, पूर्ण पान आणि रंगीत, कारण त्यांच्या विरोधकाला आपण पूर्ण पान दिलंय. पानं भरली आहेत, मी म्हणालो. अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की शेवटचं पान मोकळं करा, शिपाई-कारकुनांची नावं शिक्षकांच्या यादीखाली दोन ओळींत घेता येतील, फोटो काय आता राहू द्या.

मी ‘बरं’ म्हणालो. या गोष्टीत माझा एवढाच एक शब्द महत्त्वाचा आहे, म्हणून तो नीट सांगतो. मी वाद घातला नाही, माझे वडील त्या पानावर आहेत असंही म्हणालो नाही. ‘बरं’ म्हणालो आणि मंचरला गेलो. डीटीपीवाल्याच्या दुकानात उभ्या उभ्या साहेबांचा संदेश लिहिला. साहेब गावात पूर्वी एकदाच येऊन गेले होते, बोअरला नारळ फोडायला. स्वीय सहायकांनी फोनवर ऐकून घेतलं आणि जरा काळजाला भिडणारं टाका म्हणाले. मग मी एक परिच्छेद घातला. तो त्यांना फार आवडला.

छापण्याआधी सगळी पानं मी स्वतः तपासली. कुणाच्या नावामागे मा. ना. लागतं आणि कुणाच्या मागे नुसतं मा. श्री., हे दोनदा पाहिलं. रोपवाटिकेच्या जाहिरातीतला फोन नंबर आकडा-आकडा जुळवला, कारण त्यांनी मंडपाला हातभार लावला होता. ती जाहिरात शिक्षकांच्या यादीच्याच पानावर होती.

कार्यक्रम झाला. साहेब दोन तास उशिरा आले, स्मरणिकेची रिबीन सुटली, टाळ्या झाल्या. मी मंडपात मागे उभा राहून पहिली प्रत उघडली. शेवटच्या पानावर साहेब हसत होते. शिक्षकांची यादी उघडली. यादी संपत होती तिथे टोमॅटोची रोपं सुरू होत होती. डीटीपीवाल्याने जाहिरात जरा मोठी केली होती आणि त्या दोन ओळी तिच्याखाली गेल्या होत्या. मी ते पान चार-पाच वेळा पाहिलं. चूक त्याची होती असं म्हणायची मला फार इच्छा झाली. पण ते पान माझ्या हातून गेलं होतं.

घरी आलो तेव्हा दादा ओट्यावर स्मरणिका घेऊन बसलेले. शाळेकडून एक प्रत त्यांनाही मिळाली होती. जेवायचे थांबले होते. बायको म्हणाली, हाक मारली तर म्हणाले, एवढं होऊ दे. ते पहिल्या पानापासून वाचत होते, जाहिराती धरून, ओळीवर बोट ठेवून. शेवटच्या पानावर साहेबांचा फोटो निघाला होता, त्यामुळे आपलं नाव कुठल्या पानावर असेल याचा त्यांना आता अंदाज नव्हता. मी शेजारी बसलो. सांगायचं होतं, पण ते पान उलटत राहिले. शिक्षकांच्या यादीवर त्यांचं बोट खालपर्यंत गेलं, रोपांवर थांबलं, आणि त्यांनी पान उलटलं. साहेबांच्या पानाला ते सर्वांत शेवटी पोचले, आणि तिथे बराच वेळ थांबले.

‘हे ऐक,’ ते म्हणाले आणि मोठ्याने वाचू लागले. ‘वादळात वर्गांचे पत्रे उडाले तेव्हा शाळेच्या एका सेवकाने जनरल रजिस्टर सदऱ्याखाली पोटाशी धरून घरी नेले आणि धान्याच्या कणगीत जपून ठेवले. आज या गावच्या लेकरांना शाळेचे दाखले मिळतात, ते त्या सेवकामुळे.’

ही गोष्ट मी लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकत आलो होतो. कणगी आमच्या घरातली होती. रजिस्टर शाळेत परत जाईपर्यंत आईने त्यावर बाजरी ओतू दिली नव्हती.

‘सायबांना कुनी सांगितलं आसंल रं?’

मुख्याध्यापकांनी सांगितलं असेल, एवढं मी म्हणायला हरकत नव्हती. त्यांना फार आनंद झाला असता. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि बारा जणांच्या वतीने खोटं लिहिलेला मी यांच्यापुढे एक खोटं बोलू शकलो नाही. ते मी लिहिलंय, मी सांगितलं. साहेबांनी सही केलीय फक्त. तीही फोनवरून आली.

दादांनी परत एकदा ओळीवर बोट ठेवलं.

‘तू लिवलंस. मग नाव लिवायला काय झालं व्हतं?’

मी सांगितलं ते सगळं खरं होतं. साहेबांच्या संदेशात शिपायाचं नाव आलं असतं तर त्यांच्या माणसाने ते काढायला लावलं असतं, पुन्हा फोन, पुन्हा मजकूर, छपाईला दोनच दिवस. आणि माझ्या बापाचं नाव मीच घुसवलं असं समितीत कुणी म्हणालं असतं. म्हणून म्हटलं, सेवक लिहू.

‘म्हंजे सायबानी नाव काढलंच न्हाई,’ ते म्हणाले. ‘त्यांच्यापतुर गेलंच न्हाई. तूच काढलंस.’

मग चष्मा डबीत ठेवून ते जेवायला उठले, आणि मलाही हात धुवून घे म्हणाले.