वायफायची बंद फाईल आणि नातीचं बारसं

माझ्या मित्राचं त्याच्याच लॅपटॉपशी भांडण जुंपलं, तेव्हा मध्यस्थ मी होतो. भांडण कुणाचंही असो, खुर्ची ओढून मध्ये बसायला मला भारी आवडतं.

मित्र केशोरी गावचा निवृत्त मास्तर. घरी धानाची शेती. बियाणं दरवर्षी आपल्याच पिकातून राखायचं, हा त्याचा कायदा. ज्याचं बी पुढच्या साली पेरता येत नाही, ते वाण त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरत नसे. एकदा गोंदियाहून जाऊन मी त्याच्या ओसरीवर मुक्त सॉफ्टवेअरवर हातवारे करत प्रवचन झोडलं: कुणीही उघडून पाहावं, बदलावं, शेजाऱ्याला द्यावं. मास्तर उडालाच. "बाबू, हे तं आपल्या धानासारखंच झालं!"

पुढे त्याच्या लॅपटॉपची जुनी सिस्टीम नेमकी नातीच्या बारशाच्या तोंडावर मेली. लेक बंगळुरूला. वहिनींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाईलवर त्यांना माणूस की मांजर तेही कळत नाही. लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर नातीचं तोंड दिसेल एवढीच आशा. बारसं संध्याकाळी, आणि वहिनी सकाळपासून ठेवणीतली साडी नेसून बसलेल्या.

मी मुक्त सिस्टीम टाकली. मास्तरच्या हट्टाने, कंपनीची एकही बंद फाईल नसलेली. सगळं झकास चाललं. फक्त वायफाय ढिम्म. पडद्यावर सूचना आली: या चिपला तिचं फर्मवेअर हवं. म्हणजे चिपला जागं करणारी छोटीशी आज्ञावली. ती कंपनीची, आणि आत काय आहे ते पाहायची कुणाला मुभा नाही. नेटसाठी मोबाईल वायरने जोडून पाहिला. माझी बाजारातली स्वस्त वायर फक्त चार्जिंगच्या कामाची निघाली.

मी खिशातून पेनड्राईव्ह काढला, जादूगार कबूतर काढतो तसा. "मास्तर, फाईल घेऊनच आलो आहे."

"नाही टाकाची."

"अरे, छोटीशी फाईल आहे!"

"छोटी असो का मोठी. उघडून पाहता येत नाही ते माझ्या घरात कायले?"

वहिनी दारात आल्या. "अजी, काऊन नाही चालून राहिलं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मास्तर म्हणाला.

"तुम्ही दोघं भाषण करून राहिले, अन् तिकडे पोरगी पाळण्यात जाऊन राहिली. मले तुमची कंपनी नाही पाहाची, मले पोरगी पाहाची आहे."

मग मी ठेवणीतला मुद्दा काढला. "मास्तर, ही फाईल निदान दारात उभी राहून विचारते. बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जी आज्ञावली जागी होते ना, ती कंपनीचीच, कुलूपबंद. लॅपटॉप घेतला त्याच दिवशी ती तुझ्या घरात येऊन बसली. तिने कुठे विचारलं?"

मास्तरने लॅपटॉपकडे असं पाहिलं, जणू तो चोरीचा माल आहे. "मंग एवढे दिवस मी कोणाले फसवून राहिलो?"

मी पेनड्राईव्ह बोटांत फिरवत राहिलो.

"टाक," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

फाईल टाकली. लॅपटॉपने माझ्या मोबाईलचं नेट पकडलं. पडद्यावर पाळणा आला, बाळ आलं. वहिनी पडद्याला नाक टेकेल इतक्या जवळ सरकल्या.

"बाबा कुठं गेले?" लेकीने विचारलं.

"बांधीत," वहिनी म्हणाल्या.

तो दाराआड बाजेवर बसला होता. मला त्याचे पाय दिसत होते. नाव ठेवलं गेलं तेव्हा वहिनींनी ते दोनदा मोठ्याने म्हटलं, दाराकडे तोंड करून. पाय हलले नाहीत.

कॉल संपल्यावर मास्तर आत आला. "झालं? आता काढ ते."

"काढलं तर वायफाय बंद पडेल."

"काढ."

ती फाईल उघडी केली असती तर कंपनीचं काय जाणार होतं, मला आजवर कळलेलं नाही. एखाद्या फोटोएवढीही नव्हती. तिच्यासाठी एका घरात आजोबाला दाराआड बसावं लागलं.

मी फाईल काढली, लॅपटॉप पुन्हा चालू केला. सिस्टीम शुद्ध, वायफाय मुकं. वहिनी त्याच साडीत, पडद्यासमोरून न उठता म्हणाल्या, "मंग आता तिचं तोंड मी कायच्यात पाहू, जी?"

मास्तर बाहेर गेला. या वेळी खरोखरच बांधीत.