वत्सलामावशीची चारशे वॅटची तार

माझ्या दुकानातली कुठलीही प्लास्टिकची वस्तू घेण्याआधी वत्सलामावशी तिचा तुकडा कापून घरी न्यायच्या आणि मायक्रोवेव्हमध्ये पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवायच्या. मिनिटभरानं तुकडा गालाला लावायच्या. थंड असला तर पसंत. कोमट लागला की दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर परत. "गजू, हे तापते. ठेव तुयापाशीच." रिसोडात इतकी वर्षं हार्डवेअर विकतोय, पण माल शिजवून परत करणारं गिऱ्हाईक हे एकच. राग यायचा, खोटं कशाला सांगू? आता मावशी लेकीकडे नागपूरला असतात, आणि माल कुणी परत करत नाही, तर दुकानात करमत नाही.

मावशींची सगळी नोकरी तारखात्यात गेली. कट्ट-कडकट्ट करत लोकांच्या जन्ममरणाच्या बातम्या पाठवल्या. तार बंद झाली तरी बोटं गप्प बसेनात, म्हणून परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला. मागच्या खोलीत यंत्र मांडलं, परसात एरियलची तार ताणली आणि दर रविवारी पहाटे जगाशी कट्ट-कडकट्ट सुरू केलं. गल्लीतले म्हणायचे, म्हातारीला नाद लागला. मावशी म्हणायच्या, "नाद नसला त मानूस जगते कायले?"

त्या जगातला एक माणूस त्यांचा जिवाभावाचा झाला. अर्जेंटिनातला मिगेल, घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा. त्यानं पोस्टानं पाठवलेल्या कार्डावर त्याच्या दुकानाचा फोटो होता. त्याला मराठी येत नाही, यांना स्पॅनिश येत नाही. पण कट्ट-कडकट्टची खुणांची भाषा दोघांची एकच. हवा कशी, तब्येत कशी, नातू किती मोठा झाला, एवढंच. शेवटी दोघंही दोन बारीक टिचक्या देऊन निरोप घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "मावशी, सरळ फोन लावा ना." तर म्हणाल्या, "फोनवर काय बोलू बाप्पा त्याच्याशी? आमी दोघंबी मुके होऊन जाऊ."

मग मिगेलच्या गावात रस्त्याला नवे दिवे आले आणि त्यांच्यामुळे त्याच्या रेडिओत खरखर शिरली. यांना तो ऐकू यायचा, त्याला या ऐकू येईनात. तो पुन्हापुन्हा एकच विचारायचा, कुठे आहेस? मग त्यांनी ठरवलं, शंभर वॅट सोडून परवान्यात बसतात तेवढे, चारशे वॅट लावायचे. त्यासाठी परसातली तार, गाठी, दोर सगळं नवं पाहिजे.

"शंभर वॅटले सगळंच चालते," मावशी म्हणाल्या, "चारशे लावले का मंग कोन कसं हाय थे समजते." आणि माझ्या दुकानाचे हाल सुरू झाले. तांब्याची तार त्यांनी आधी ओढून पाहिली. जी ताणल्यावर लांबली ती नापास. दोर गच्चीवर उन्हाळाभर वाळत टाकले, कारण आपल्याकडचं ऊन नायलॉनचा भुगा करतं. यंत्राचा जोर तारेत सोडणारी जी डबी तारेच्या मध्यावर बसते, तिच्यातलं काळं कडं त्यांनी मुंबईहून मागवलं, आणि छोटं निघालं म्हणून परत धाडलं. "लहान कडं जोर सोसत नाई, तापते अन् सोडून देते." कुठलाही भाग बसवला की थोडा वेळ टिचक्या मारायच्या, यंत्र बंद करायचं आणि हात लावून पाहायचं. "आधी बंद, मंग हात," हे मला त्यांनी इतकं ऐकवलं की मी घरच्या इस्त्रीलाही तेच म्हणतो.

तारेचं एक टोक कडुनिंबाला, दुसरं चिंचेला. टोकाला विजेचा जोर सगळ्यात जास्त, म्हणून तार आणि दोर यांच्यामध्ये वीज अडवणारा तुकडा लागतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये जो तापतो तो तिथंही तापतो. मी चिनी मातीची दोन अंडी दिली, विजेच्या खांबाला ताणून धरणाऱ्या तारेत असतात तशी. कडुनिंबाला एक लागलं. चिंचेची फांदी बारीक, तिथं अंडं जड होतं म्हणून त्यांनी ठिबकच्या काळ्या नळीचा तुकडा बांधला. आमच्याकडे ठिबकची नळी कशाला वापरत नाहीत? बादलीचा कान, गेटची कडी, पोरांचं धनुष्य, सगळं तिचंच. मी म्हटलं, "मावशी, हिला मायक्रोवेव्ह?"

"हे आपल्या वावरातली हाय, हळदीतली. इले काय पाह्याचं?"

रविवारी पहाटे मी परसात उभा होतो. मावशींनी चारशे वॅटवर पहिली टिचकी मारली. चिंचेकडून चरचर आवाज आला, जळका वास सुटला आणि तार खाली आली. काळ्या नळीत काजळी असते, ती जोर लागला की पेटते. यंत्र चालूच होतं, आणि मातीत पडलेल्या तारेतूनही मिगेल बारीक ऐकू येत होता. तो बोलावत होता, आणि मावशींना उत्तर देता येत नव्हतं. तो थांबेपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. मग वितळलेला तुकडा हातात घेऊन म्हणाल्या, "गजू, लोकाइच्या वस्तू तापवू तापवू पाह्यल्या, अन् घरचीच तेवढी सोडली." मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी चिंचेच्या जाड फांदीवर चिनी मातीचं अंडं चढलं. मावशींनी हाक दिली. खरखरीतून उत्तर आलं, आणि मावशींनी डोळ्याला पदर लावला. "आयकू येतो म्हने. स्वच्छ आयकू येतो." नंतरचा सगळा हिवाळा त्या दोघांचा मजेत गेला.

उन्हाळ्यात एका रविवारी मिगेल आला नाही. पुढच्याही नाही. मावशींनी तार उतरवली, गाठी सोडून पुन्हा बांधल्या, कडं तपासलं, अंडी पुसली, एकेका भागाला हात लावला. घरचं म्हणून या खेपेला काहीच सोडलं नाही. मग दुकानात येऊन स्टुलावर बसल्या.

मी म्हटलं, "शिडी घेऊन येऊ का? टोकं पाहून घेऊ एकदा."

"नको," मावशी म्हणाल्या. "इकडलं सगळं बरोबर हाय, गजू."