तीन दिवस गप्प बसलेल्या कुपनमावशी

कुपनमावशींच्या पोटात काही राहत नसे. सकाळी दूध नासलं तर सातच्या आत ते आमच्या अख्ख्या गल्लीला कळलेलं असे. हर्सूलला मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्या खाली होत्या त्या चार वर्षांत मला एकदाही गजर लावावा लागला नाही.

नाव पडलं ते कुपनांवरून. दुकानाची सोडत असो की चहाच्या पुड्यातली योजना, मावशी कुपन भरायच्या आणि आपल्याकडचा अर्धा तुकडा काचेच्या बरणीत जपून ठेवायच्या. "आपण चिठ्ठीच टाकली नाय, तर आपलं नाव निघंल कसं?" असं त्या बजावून सांगत. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि बरणीतले आकडे पुसट झाले. ऑपरेशनचे पैसे बँकेत ठेवलेले होते, पण मुहूर्त लागत नव्हता.

छत्री, वाट्या, भिंतीवरचं घड्याळ अशी बक्षिसं त्यांना लागली होती. सगळ्यांत मोठं म्हणजे लासूर स्टेशनच्या कापडदुकानातला कुकर. त्यासाठी मंडप घातला होता. कर्ण्यावरून नाव पुकारलं गेलं, शाल दिली, नारळ दिला. प्रमुख पाहुणे पाच लिटरच्या कुकरवर वीस मिनिटं बोलले. मी मागच्या खुर्चीत बसून हसत होतो. घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, "हसा, भाऊ. पण चारचौघांत नाव घेतल्याबिगर बक्षीस अंगाला लागत नाय." घरच्या साडीत, कुकर छातीशी धरून काढलेला फोटो त्यांनी फोनवरच्या आपल्या नावापुढे लावला.

मग एकदा खालचा आवाज बंद झाला. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी चुकल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांच्या खिडक्या लावलेल्या दिसल्या. मी खाली गेलो.

दार बोटभर उघडलं. मावशींनी ओठांवर बोट ठेवून मला आत ओढलं आणि कडी लावली. त्या कुजबुजत होत्या. त्यांना कुजबुजता येतं हेच मला माहीत नव्हतं.

"हळू बोला. ते ऐकतेत."

"कोण?"

त्यांनी तांदळाच्या डब्याकडे बोट दाखवलं. डबा गुरगुरत होता. आत फोन होता.

मी तो बाहेर काढला. मावशींना बक्षिसात मोटार लागली होती. संदेशासोबत प्रमाणपत्र होतं. त्यावर तीन शिक्के, दोन सह्या आणि मधोमध कुकर धरलेल्या मावशी. खाली लिहिलं होतं : कोणाला सांगितल्यास बक्षीस रद्द आणि गुन्हा दाखल. आजचा नवा संदेश होता : दोनच्या आत सहा आकडी कोड कळवा.

"माझा फोटो त्यांच्याकडं कसा गेला, भाऊ? ही साडी मी घरातच नेसते. ते घरात बघतेत." मावशींनी बरणी पुढे केली. "बरणीत बघितलं. दिसंना काही. टाकली असंल एखादी चिठ्ठी. आता नाय म्हणलं तर पोलीस धाडतो म्हणतेत."

शिक्क्यांना मी जन्मभर हसत आलो. पण ते तीन शिक्के बघून मीही कडी नीट लागलीय का ते पाहिलं. तेवढ्यात बँकेकडून सहा आकडे येऊन पडले आणि फोन पुन्हा वाजू लागला. दोनला दहा मिनिटं होती.

"मावशी, हा कोड दिला की तुमच्या डोळ्यांचे पैसे गेले. फोटो तुम्हीच नावापुढे लावलाय, तो कुणालाही दिसतो."

त्यांना पटलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "तुम्ही खाली आलातच काऊन?"

"तीन दिवस तुमचा आवाज नाही, म्हणून."

"मोटार लागली, अन् गल्लीला पत्ता नाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "कुकरला कर्णा लावला होता. अन् मोटारीला मुकं बसायचं? हे कसलं बक्षीस?"

त्यांनी कडी काढली, ओट्यावर गेल्या आणि पूर्ण आवाजात ओरडल्या, "ऐका गं! मला मोटार लागली, अन् ती लबाडाची हाय!"

बायका जमल्या. दोघींना तोच संदेश आला होता. मागे एक तिसरी उभी होती. तिनं पदर तोंडावर ओढला आणि ती भराभर घराकडे गेली. तिच्या पाठमोऱ्या चालीनं मला जेवढी भीती वाटली, तेवढी शिक्क्यांनीही वाटली नव्हती. मावशी मात्र तिच्या मागे धावल्या आणि तिला हाताला धरून बँकेत घेऊन गेल्या. तिनं कोड आधीच दिला होता; तिचे थोडेच पैसे वाचले.

मावशींचे सगळे वाचले, पण धास्ती गेली नाही. फोनवरचा फोटो त्यांनी काढून टाकला आणि बरणी रिकामी केली. फोन वाजला की त्या आधी खिडकीकडे बघत. ऑपरेशन झाल्यावर मुलानं त्यांना नाशिकला नेलं. जाताना कुकर माझ्या हातात देत म्हणाल्या, "मंडप नाय घातला. चालंल ना?"

आता गल्ली शांत आहे आणि मी गजर लावतो. मलाही मधूनमधून बक्षीस लागतं. 'कोणाला सांगू नका' या ओळीपाशी अजूनही माझी नजर खिडकीकडे जाते. मग मी ओट्यावर जातो आणि संदेश पहिल्यापासून मोठ्यानं वाचतो.